टॅबला कीबोर्ड केस घ्यावी की कीबोर्ड वेगळाच घ्यावा?

रानजाई

नमस्कार मंडळी,

माझा लॅपटॉप शेवटच्या घटका मोजतोय. चार्जर काढला की लगेच बंद पडतो आणि बिजागरी इतकी सैल झालीय की पडदा हाताने धरून ठेवावा लागतो. जवळ एक ११ इंची टॅब आहे. सध्या तो फक्त वाचायला आणि पीडीएफवर पेनने खुणा करायला वापरते. माझं काम लिखाणाचं आहे: भाषांतरं, मुद्रितशोधन, अधूनमधून मोठे लेख. बहुतेक सगळं मराठीत.

नवा लॅपटॉप घेण्याआधी वाटलं, टॅबलाच कीबोर्डवाली केस लावून काम भागतंय का ते बघावं. पण जितकं शोधावं तितका गोंधळ वाढतोय. काही केसेस ब्लूटूथच्या, काही पिनांवर चालणाऱ्या. काहींना ट्रॅकपॅड आहे, काहींना नाही. काहींचा कीबोर्ड सुटा होतो, काहींचा कायमचा चिकटलेला.

तासन् तास टाइप करणाऱ्यांनी प्लीज अनुभव सांगा. केसवर खरंच दिवसभर लिहिता येतं का? मांडीवर टिकते का? टॅब वाचायला म्हणून हातात घ्यायची मजा राहते का?

---

टकटक

घ्या बिनधास्त. मी पिनांवर चालणारी ट्रॅकपॅडवाली केस वापरतो आणि आता तिच्याशिवाय टॅबची कल्पनाच करवत नाही.

यातलं सुख म्हणजे झाकण उघडलं की टॅब जागा होतो आणि पहिलं अक्षर दाबलं की ते उमटतं. पेअरिंग नाही, कीबोर्ड वेगळा चार्ज करणं नाही. टॅबच्या पाठीवर किंवा कडेला ते छोटे धातूचे ठिपके असतात ना, त्यातूनच वीज जाते आणि त्यातूनच अक्षरं येतात. आयपॅडमध्ये हे २०१५ पासून आहे, सॅमसंगच्या वरच्या श्रेणीतल्या टॅबनाही अशाच पिना असतात.

दुसरं म्हणजे पडदा पूर्ण मोकळा मिळतो. टॅब आडवा धरून पडद्यावरच्या कीबोर्डने लिहायला गेलं की जवळजवळ अर्धा पडदा कीबोर्डच खातो आणि उरलेल्या फटीतून आपण आपलाच परिच्छेद शोधत बसतो. भाषांतरासाठी तुम्हाला मूळ मजकूर एका बाजूला आणि आपला दुसऱ्या बाजूला हवा असणार. बाहेरचा कीबोर्ड नसेल तर ते अशक्यच समजा.

ट्रॅकपॅडवर मात्र तडजोड करू नका. ओळीच्या मधोमध कर्सर नेऊन एक वेलांटी दुरुस्त करायची तर दर वेळी हात उचलून पडद्याला बोट लावणं फार कंटाळवाणं होतं. आयपॅडला ट्रॅकपॅडची नीट सोय मार्च २०२० मधल्या १३.४ आवृत्तीने झाली. त्याआधीच्या केसेस म्हणूनच अर्धवट वाटायच्या.

---

वातकुक्कुट

म्हणजे पडदा एकीकडून घ्यायचा, कीबोर्ड दुसरीकडून घ्यायचा आणि दोन्ही जोडून लॅपटॉप तयार करायचा! :)

---

मोजपट्टी

वातकुक्कुट यांनी गमतीत म्हटलंय, पण वजनाच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे. २०२० मध्ये अ‍ॅपलने १२.९ इंची आयपॅड प्रोसाठी ट्रॅकपॅडवाली मॅजिक कीबोर्ड केस आणली. ती एकटीच टॅबपेक्षा जड होती, साधारण ७०० ग्रॅम. टॅब आणि केस मिळून वजन गेलं १.३ किलोच्या वर. त्याच वर्षीची मॅकबुक एअर १.२९ किलोची.

यात कंपनीचा दोष नाही, भौतिकशास्त्र आहे. लॅपटॉपमध्ये बॅटरी आणि बाकी सगळा ऐवज कीबोर्डखाली असतो, म्हणून खालचा भाग जड आणि पडदा हलका. टॅबमध्ये सगळं पडद्यामागेच भरलेलं. मग तो मागे उलटू नये म्हणून एक तर तळ जड करायचा, नाहीतर मागे टेकू द्यायचा, नाहीतर पडदा किती मागे झुकेल यावर बंधन घालायचं. त्या केसमध्ये पडदा साधारण १३० अंशांपुढे जात नाही तो यामुळेच.

रानजाई, तुमच्या मांडीच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. तळ जड असलेली केस मांडीवर बसते. मागे टेकू उघडणारी केस, म्हणजे किकस्टँडवाली, टेबलावर उत्तम, पण तिला पुढून मागे बरीच जागा लागते. मांडी आखूड असली की टेकूची कड गुडघ्यावरून खाली घसरते आणि सगळा डोलारा मागे पडतो.

---

निवांत

माझं मत थोडं वेगळं आहे. तासन् तास लिहायचं असेल तर केस नकोच.

केसमध्ये पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जखडलेले असतात. कीबोर्ड हाताला सोयीच्या उंचीवर ठेवला की पडदा खाली जातो, पडदा वर घेतला की हात खांद्यापर्यंत येतात. लॅपटॉपलाही हाच त्रास आहे, पण ११ इंची पडदा लहान, त्यामुळे आपण आणखी वाकतो. पडद्याची वरची कड साधारण डोळ्यांच्या रेषेत असावी असं मानेचे डॉक्टर सांगतात. केसमध्ये ते होणं शक्यच नाही.

मी टॅब एका उंच घडीच्या स्टँडवर ठेवतो आणि समोर साधा ब्लूटूथ कीबोर्ड. माझा लॉजिटेकचा के ३८० आहे. सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास वजन, बॅटऱ्या साध्या पेन्सिल सेलपेक्षा लहान, त्या वर्ष-दीड वर्ष बदलाव्या लागत नाहीत, आणि एकाच वेळी तीन उपकरणांशी जोडून ठेवता येतो. एक कळ दाबली की टॅब, दुसरी दाबली की फोन. मानदुखी पूर्ण थांबली.

आणि टॅब बदलला तरी कीबोर्ड तोच राहतो. केसचं तसं नाही, ती टॅबबरोबरच बाद.

---

टकटक

@निवांत, मानेचा मुद्दा मान्य. पण तुमची मांडणी टेबलाशी बांधलेली आहे. मी गाडीत, वाचनालयात, कुणाच्या तरी घरी सोफ्यावर लिहितो. तिथे स्टँड उघडा, कीबोर्ड काढा, चालू करा, जोडला जाण्याची वाट बघा, एवढं करेपर्यंत सुचलेलं वाक्य निघून जातं. लिखाणात सुरुवात करायचा आळस हाच मोठा शत्रू. केस त्या आळसाला वावच देत नाही.

केस टॅबबरोबर बाद होते हेही सरसकट खरं नाही. मायक्रोसॉफ्टच्या सरफेस प्रो ३ पासून प्रो ७ पर्यंत कीबोर्ड कव्हर एकमेकांना चालायचे.

---

मोजपट्टी

आणि प्रो ८ ला जोडणीच बदलली, २०२१ मध्ये. :) मॅजिक कीबोर्डचंही तसंच. २०१८ ते २०२२ च्या आयपॅड प्रोंना एकच केस चालत होती, २०२४ च्या टॅबला ती बसत नाही. म्हणजे नशीब असेल तर काही वर्षं मिळतात. पण पुढचा टॅब कोणत्या जाडीचा येणार आणि त्याचा कॅमेरा कुठे असणार ते आपल्या हातात नाही.

---

सांजसावली

मी विद्यार्थिनी आहे. वर्गात टिपणं काढते, आकृत्या पेनने काढते. माझा अनुभव एवढाच की पेन वापरणार असाल तर सुटा होणारा कीबोर्डच घ्या.

ज्या केसेसमध्ये कीबोर्ड मागे दुमडता येतो, त्यांत टॅब हातात धरला की पाठीमागे बोटांना कळा लागतात. त्या बंद असतात, चुकून काही टाइप होत नाही, पण सगळा वेळ हाताखाली काहीतरी दबतंय असं वाटत राहतं. वजन तर जाणवतंच. ज्यांत दुमडताच येत नाही, तिथे दर वेळी टॅब केसमधून उपटायचा आणि मग तो उघडावाघडा हातात. तेव्हाच पडण्याची भीती जास्त.

सुट्या प्रकारात पाठीचं कव्हर आणि टेकू टॅबवरच राहतात, कीबोर्ड तेवढा चुंबकाने निघतो. वाचताना तो बॅगेत टाकायचा. टेकू जवळजवळ आडवा करून उतरत्या फळ्यासारखा टॅब ठेवला की लिहायला छान कोन मिळतो.

पेन कडेला चिकटून चार्ज होत असेल तर केस ती कड झाकत नाही ना, हेही बघा.

---

दूर्वांकुर

वाचतेय. आमच्याकडे बाबांसाठी हाच विषय चाललाय. त्यांना आठवणी लिहायच्यात. पडद्यावरच्या कीबोर्डवर बोट टेकवलं की अक्षर दोनदा उमटतं, मग ते वैतागून टॅब ठेवून देतात.

---

अक्षरबाग

रानजाई, तुम्ही ‘बहुतेक सगळं मराठीत’ असं लिहिलंय आणि अजून कुणी त्याला हात घातला नाही. माझ्या मते तुमचा निर्णय त्यावरच ठरायला हवा. जरा सविस्तर लिहितो.

आधी लांबीचा हिशोब. नेहमीच्या कीबोर्डवर एका कळीच्या मध्यापासून शेजारच्या कळीच्या मध्यापर्यंत १९ मिलिमीटर अंतर असतं. आकड्यांच्या ओळीत तेरा कळा आणि दुप्पट रुंदीची बॅकस्पेस, म्हणजे पंधरा घरं. १९ गुणिले १५, झाले २८५ मिलिमीटर. ११ इंची टॅबची लांबी साधारण २५० मिलिमीटर. म्हणजे साडेतीन सेंटीमीटर कुठून तरी कापावे लागतात.

कंपन्या ते कुठून कापतात? अ ते झेड अक्षरांना सहसा धक्का लावत नाहीत, कारण इंग्रजी लिहिणाऱ्याची तक्रार आली असती. कात्री चालते ती कडेच्या कळांवर. उजवीकडचे कंस, अर्धविराम, अवतरणचिन्ह, बॅकस्लॅश, बरोबरचं चिन्ह यांच्यावर. या कळा अर्ध्या रुंदीच्या होतात, कधी जागाच बदलतात. इंग्रजी लिहिणाऱ्याला त्या दिवसातून काही वेळाच लागतात, तो सांभाळून घेतो.

आता इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे देवनागरीच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत, तिथे काय आहे बघा. ‘एल’च्या उजवीकडे अर्धविरामाच्या कळीवर च. त्याच्या शेजारी अवतरणचिन्हावर ट. ‘पी’च्या शेजारी चौकटी कंसावर ड. बॅकस्लॅशवर ॉ. खाली उजव्या टोकाला तिरप्या रेघेच्या कळीवर य. आणि वर, बॅकस्पेसला खेटून, बरोबरच्या चिन्हावर ृ. शिफ्ट धरली की त्याच कळांवर छ, ठ, ढ, ऑ आणि ऋ.

मराठीत ‘च’शिवाय एक वाक्य धड होत नाही. त्याचा, तिची, घराचे, हेच, तेच. ‘डॉक्टर’ लिहून बघा: ड, ॉ, क, पायमोड, ट, र. सहापैकी तीन कळा त्याच कापलेल्या पट्ट्यात. म्हणजे इंग्रजी परीक्षणात ‘टायपिंगला झकास’ म्हणून गौरवलेली केस मराठीत करंगळीचा जीव काढू शकते.

म्हणून केस बघायला जाल तेव्हा ट्रॅकपॅड, दिवे, रंग सगळं नंतर. आधी कीबोर्डच्या उजव्या कडेचा फोटो मोठा करून बघा. ‘एल’नंतर एंटरच्या आधी दोन कळा आहेत का? त्या ‘एल’एवढ्याच रुंद आहेत का? बॅकस्लॅश कुठे आहे? एवढं समाधानकारक असेल तरच पुढचा विचार करा.

१२.४ किंवा १२.९ इंची टॅब असेल तर त्यांची लांबी २८ सेंटीमीटरच्या आसपास असते. तिथे कीबोर्ड पूर्ण आकाराचा बसतो आणि ही अडचण जवळपास संपते. आठ इंचीवर तर विचारही करू नका.

---

मोजपट्टी

दंडवत! वाचनखूण साठवली.

---

रानजाई

@अक्षरबाग, मी इनस्क्रिप्टच वापरते, त्यामुळे तुमचा प्रतिसाद वाचून चार केसेसचे फोटो परत उघडले. मला सगळ्यात आवडलेल्या केसमध्ये ‘ट’ची कळ शेजारच्या कळांच्या निम्मी आहे. बॅकस्लॅश तर एंटरच्या वर चिंचोळी पट्टी होऊन बसलीय. परीक्षणात याचा उल्लेख कुठेच नाही!

---

कोरी_पाटी

आम्ही इनस्क्रिप्टवाले नाही. रोमनमध्ये लिहून मराठी उमटवतो. मग आमची सुटका म्हणायची का?

---

खटपट्या

@कोरी_पाटी, कळांच्या रुंदीतून सुटका, पण दुसरीकडे अडकाल. फोनवर किंवा टॅबवर तुम्ही रोमनमध्ये लिहिता आणि वरच्या पट्टीत मराठी शब्द सुचतो, ते काम पडद्यावरच्या कीबोर्ड अ‍ॅपचं असतं. बाहेरचा कीबोर्ड जोडला की बऱ्याचदा ते अ‍ॅप बाजूला होतं आणि कळांची अक्षरं थेट जातात. मग ‘namaskar’ असं रोमनमध्येच उमटतं. काही अ‍ॅप बाहेरच्या कीबोर्डवरही लिप्यंतर करतात, काही करत नाहीत, आणि तेच अ‍ॅप वेगळ्या टॅबवर वेगळं वागताना मी बघितलंय.

म्हणून सगळ्यांनाच सांगतो: केस घेण्याआधी घरातला कुठलाही जुना यूएसबी कीबोर्ड ओटीजी जोडणीने (यूएसबीची वस्तू टॅबला लावायचा छोटा जोड) टॅबला लावा. ब्लूटूथ लागत नाही, सेटिंग लागत नाही, लगेच चालू होतो. एक पानभर मराठी लिहून बघा. जोडाक्षरं, रफार, ‘ऱ्या’, अवतरणं, भाषा बदलणं. जे तिथे चालत नाही ते महागड्या केसवरही चालणार नाही, कारण अडचण टॅबच्या बाजूला आहे. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमध्ये ‘फिजिकल कीबोर्ड’ नावाचा भाग असतो, आयपॅडवर ‘हार्डवेअर कीबोर्ड’. कीबोर्ड जोडलेला असेल तेव्हाच तो भाग दिसतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मांडणी तिथून निवडायची.

आता टिकाऊपणाचं. माझ्याकडे मित्रमंडळींच्या केसेस दुरुस्तीला येतात, त्यावरून सांगतो.

ब्लूटूथ केसमध्ये लिथियमची छोटी बॅटरी असते. केस महिनोन् महिने कपाटात पडली की बॅटरी पूर्ण उतरते आणि मग कधीकधी चार्ज घेतच नाही. वापर कमी असेल तर बटण सेलवर चालणारी केस शोधा, सेल संपला की बदलला. ब्लूटूथचा कीबोर्ड थोडा वेळ हात लागला नाही की झोपतो. परत लिहायला लागलं की पहिली एकदोन अक्षरं गिळली जातात. सरावाने आपण आधी शिफ्ट दाबून त्याला उठवायला शिकतो.

पिनांच्या केसला हे काही नाही, पण दुखणं घडीत असतं. कीबोर्डपासून पिनांपर्यंत जाणारी पातळ पट्टी कापडाच्या दुमडीतून जाते. रोज तिथेच घडी पडते, कालांतराने पट्टी तुटते, आणि मग आधी कीबोर्ड मधूनच जातो-येतो, नंतर कायमचा जातो. ती शिवता येत नाही. मात्र कीबोर्ड बंद पडला की लगेच फेकू नका. आधी दोन्हीकडचे ठिपके कोरड्या मऊ कापडाने पुसा. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच केसेस एवढ्यानेच चालू झाल्यात.

---

वातकुक्कुट

खटपट्या, एक विचारायचंय. टॅबवर पडद्यावरचा कीबोर्ड अचानक यायचाच बंद झाला होता. रीस्टार्ट केला की यायचा, परत जायचा. काय असावं?

---

खटपट्या

बॅगेत ब्लूटूथ कीबोर्ड चालू राहिला असेल. टॅबला वाटतं बाहेरचा कीबोर्ड आहे, मग पडद्यावरचा कशाला दाखवू. कीबोर्डचं बटण बंद करा. किंवा अँड्रॉइडमध्ये त्याच ‘फिजिकल कीबोर्ड’च्या भागात पडद्यावरचा कीबोर्ड कायम दाखवण्याचा पर्याय असतो, तो चालू करा.

---

वातकुक्कुट

बॅगेत हात घातला तर हिरवा दिवा लुकलुकतोय. धन्यवाद मालक!

---

दूर्वांकुर

@खटपट्या, @अक्षरबाग, बाबांसाठी काय घ्यावं? वय पंचाहत्तरीच्या पुढे. आयुष्यभर ऑफिसात टंकलेखन केलंय, बोटं अजून चालतात. त्यांना पेसमेकर आहे, त्याचा काही संबंध येतो का?

---

खटपट्या

दूर्वाताई, संबंध येतो, बरं झालं विचारलंत. या केसेसमध्ये ठिकठिकाणी चुंबक असतात. झाकण मिटलं की टॅब झोपतो तोही चुंबकामुळेच. पेसमेकरवर चुंबक फार जवळ आला तर त्याचं काम बदलू शकतं. अ‍ॅपल आपल्या चुंबकवाल्या फोनसाठी १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवायला सांगते. केस टेबलावर असेल तर तेवढं अंतर राहतंच. प्रश्न येतो तो टॅब छातीशी धरून चालणं किंवा आडवं पडून छातीवर ठेवून वाचणं याचा. ते टाळायचं, आणि त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना एकदा विचारूनच घ्या.

---

अक्षरबाग

दूर्वांकुर, टंकलेखन केलेल्या माणसाला सपाट कळा आवडत नाहीत. केसच्या कळा जेमतेम एक मिलिमीटर खाली जातात. ज्याच्या बोटांना खोल दाबायची सवय आहे, त्याला अक्षर उमटलं की नाही ते कळतच नाही आणि तो कळा आपटत बसतो. त्यांना पूर्ण आकाराचा, उंच कळांचा साधा कीबोर्ड घ्या, वायरचा असला तरी चालेल. टॅब स्टँडवर. अक्षरं मोठी करून द्या.

कळांवर देवनागरी अक्षरांचे स्टिकर लावायचे असतील तर वेगळ्या कीबोर्डवर खुशाल लावा. पातळ केसवर लावू नका. झाकण मिटल्यावर कळा आधीच काचेला टेकतात आणि बोटांचा तेलकटपणा चौकोन-चौकोन होऊन पडद्यावर उमटतो. स्टिकरची जाडी त्यात भर घालते.

---

निवांत

वरच्या कळांच्या खोलीबद्दल +१. पण उंच कळांचा कीबोर्ड रात्री वाजतो फार. घरात कुणी झोपलं असेल तर केसच्या सपाट कळा बऱ्या, हे केसच्या बाजूने माझ्याकडून एक.

---

टकटक

निवांत यांनी केसच्या बाजूने लिहिलं, धाग्याचं सार्थक झालं. :)

गंभीरपणे, अक्षरबाग यांचा मुद्दा मला नवा होता. मी लिहितो इंग्रजीतच जास्त, त्यामुळे उजव्या कडेकडे कधी लक्षच गेलं नाही. पण म्हणून सगळ्याच केसेस बाद ठरत नाहीत. काही ११ इंची केसेसमध्ये कंपनीने डावीकडच्या टॅब आणि कॅप्सलॉकच्या कळा आखूड करून उजवीकडे जागा सोडलेली असते. एस्केपची कळच नसलेल्या केसेसही आहेत. मॅजिक कीबोर्डच्या २०२० च्या आवृत्तीत ती नव्हती, वरची फंक्शनची ओळ २०२४ च्या प्रो टॅबच्या केसमध्ये आली. मराठी लिहिणाऱ्याने एस्केप गेली तर जाऊ द्यावी आणि ‘च’ राखावा.

---

मुक्तछंदी

सगळं वाचलं. मूळ प्रश्न जरा मागे पडलाय. रानजाई यांना लॅपटॉप बदलायचाय. तेव्हा प्रश्न कीबोर्डचा कमी आणि टॅबचा जास्त आहे.

मीही मुद्रितशोधन करते. पीडीएफवर पेनने खुणा करायला टॅबसारखं साधन नाही, लॅपटॉपवर ते काम मी करूच शकत नाही आता. पण संपादकाकडून वर्ड फाइल आली, त्यात बदलांची नोंद चालू, शंभरेक टिपा, तळटीपा, अनुक्रमणिका, तर टॅबवरचं वर्ड अपुरं पडतं. बदल दिसतात, स्वीकारता येतात, पण शैली बदलणं, तळटीपांची मांडणी, मोठा शोध-बदल यांत जीव जातो. शिवाय प्रकाशकाचा मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असला तर टॅबवर तो उघडला तरी अगम्य चिन्हंच दिसतात. कितीही चांगली केस लावा, हे बदलत नाही.

तुमचं काम कोरं लिहिण्याचं जास्त आहे की दुसऱ्याच्या फाइलीत शिरून दुरुस्त करण्याचं? पहिलं असेल तर टॅब पुरेल. दुसरं असेल तर लॅपटॉपची बिजागरी आणि बॅटरी बदलून घ्या. दोन्ही बदलता येतात.

---

सांजसावली

+१. विंडोजवाला टॅब असेल तर हा प्रश्न येत नाही, पूर्ण वर्ड चालतं. पण मग तो टॅब हातात धरून वाचायला जड.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं तपशिलात कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

मैत्रिणीची सुटा कीबोर्ड असलेली केस दोन दिवसांसाठी आणली, तिचा टॅब माझ्याचसारखा आहे. मोकळं लिहिताना खूपच छान वाटलं. पडद्यावर एवढा मजकूर एका वेळी दिसतो याचंच अप्रूप. पण एका भाषांतरात ‘डॉक्टर’ आणि ‘ऑपरेशन’ पानोपानी येत होते. दर वेळी ॉ दाबायला करंगळी जायची आणि एंटर बसायचा. ‘ड’ एका ओळीवर आणि ‘क्टर’ पुढच्या ओळीवर. ‘गृहीत’मध्ये ृ शोधताना बॅकस्पेस लागून अख्खा ‘ग’ गेला. काही पानांनंतर मी नकळत ते शब्द टाळायला लागले. हे मला चालणार नाही. कीबोर्डच्या सोयीसाठी शब्द बदलायचा नाही.

घरचा जुना यूएसबी कीबोर्ड खटपट्यांनी सांगितल्याप्रमाणे लावला. तिथे सगळं व्यवस्थित चाललं, म्हणजे टॅबच्या बाजूला अडचण नाही.

तेव्हा ठरवलंय ते असं. लॅपटॉपची बॅटरी आणि बिजागरी बदलायला दिली, मुक्तछंदी म्हणतात तशी फाइलींची कामं त्यावर. टॅबला टेकू असलेलं साधं पातळ कव्हर आणि पूर्ण रुंदीचा वेगळा ब्लूटूथ कीबोर्ड. तो लॅपटॉपलाही जोडता येईल. टकटक, तुमचं ‘उघडलं की पहिलं अक्षर’ हे सुख मात्र मला मिळणार नाही, ते दोन दिवस अनुभवलंय म्हणून जास्त खटकतंय.

---

टकटक

सुचलेलं वाक्य आधी फोनवर बोलून ठेवा, मग निवांत कीबोर्ड काढा. आणि कधी १२.९ इंचीवर गेलात तर केसचा परत विचार करा, तिथे तुमचा ‘डॉक्टर’ एका ओळीत बसेल.

---

रानजाई

नक्की! एक शेवटचं: लिहिताना मधेच इंग्रजी नाव आलं तर भाषा चटकन कशी बदलायची? सध्या पडद्याला हात लावून बदलते.

---

खटपट्या

आयपॅडवर कंट्रोल आणि स्पेस, किंवा कीबोर्डवर पृथ्वीगोलाची कळ असेल तर ती. विंडोजवर विंडोजची कळ आणि स्पेस. अँड्रॉइडमध्ये कंपनी आणि आवृत्तीप्रमाणे फरक पडतो, आधी कंट्रोल-स्पेस करून बघा, नाही चाललं तर शोध किंवा विंडोजच्या चिन्हाची कळ आणि स्पेस. कळ सापडली की यादीत फक्त मराठी आणि इंग्रजी एवढ्याच भाषा ठेवा, बाकीच्या काढून टाका. म्हणजे एकदा दाबलं की इकडे, एकदा दाबलं की तिकडे.